मुख्य विषयाबाहेरचा एक हिवाळा

एका रुंद नदीच्या काठी एक विद्यापीठ होते आणि त्या विद्यापीठात एक असा नियम होता, जो विद्यार्थ्यांना कधीच आवडला नाही. न्याय, व्याकरण, वैद्यक, गणित, ज्याने जी शाखा निवडली असेल तिचा अभ्यास तो सहा वर्षे करी; परंतु चौथ्या वर्षी, दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत, प्रत्येकाने आपल्या शाखेशी काडीचाही संबंध नसलेली एक विद्या शिकायची. यादी मोठी होती. वीणा, सुतारकाम, पोहणे, बागकाम, स्वयंपाक, विणकाम, दूरदेशीची एखादी बोली. यादी लागली की विद्यार्थी तिच्यापुढे गर्दी करीत आणि एकमेकांना एकच प्रश्न विचारीत, "यातलं सोपं कोणतं?" आजच्या विद्यापीठांतही अशी यादी लागते आणि प्रश्नही तोच असतो, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

हरिषेण नावाचा गणिताचा विद्यार्थी मात्र यादीपुढे थांबलाही नाही. तो सरळ आचार्यांकडे गेला.

आचार्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. गणितातला त्यांचा अधिकार असा, की दूरदूरचे विद्वान आपली अडलेली कोडी घेऊन त्यांच्या अंगणात येऊन बसत. हरिषेण त्यांचा लाडका होता. ते त्यांनी कधी बोलून दाखवले नव्हते, पण त्याला ठाऊक होते.

"आचार्य, मला या नियमातून सूट हवी आहे."

"का रे?"

"वर्तुळखंडावरचं माझं काम अर्धवट आहे. ते पाच महिने मागे पडेल. नियम मोडायचाच नसेल, तर निदान नक्षत्रविद्या घेऊ द्या."

आचार्य हसले. "नक्षत्रविद्या म्हणजे आकाशात केलेलं गणित. माहेरीच राहायचं आणि सासरी नांदते म्हणून सांगायचं, असा प्रकार होईल तो."

"मग आपणच सांगा काय घेऊ ते."

"मी नाही सांगणार. उद्या सकाळी विणकामाच्या पडवीत ये. आधी बघ, मग ठरव."

दुसऱ्या दिवशी हरिषेण पडवीत गेला आणि दारातच थबकला. आठ-दहा माग मांडलेले होते. भिंतीच्या कडेला, सगळ्यांत शेवटच्या मागावर, कालपरवा विणकामाला दाखल झालेल्या विद्यार्थ्यांच्या ओळीत आचार्य बसले होते. त्यांच्या शेजारी विणकाम शिकवणाऱ्या तुळसामावशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"आचार्य, परत तेच. काठ बघा कसा आत ओढलाय. उसवा."

"किती ओळी उसवू, बाई?"

"चार. नाही, पाच उसवा. पाचवीपासूनच बिघडलंय."

"बरं," असे म्हणून आचार्य निमूटपणे धागे उसवू लागले. शेजारचा एक सोळा वर्षांचा विद्यार्थी गालातल्या गालात हसला. आचार्यांनी ते पाहिले आणि तेही हसले.

हरिषेणाचे मात्र कान तापले. ज्यांच्या एका शब्दावर विद्वानांचे वाद मिटत, त्यांना कुणी 'उसवा' म्हणावे आणि त्यांनी ते ऐकून घ्यावे! बाहेर आल्यावर त्याने विचारले, "आचार्य, या वयात हे कशासाठी? आपल्याला तर कुठलाच नियम लागू नाही."

"तू काय घेणार आहेस ते ठरव आधी," एवढेच ते म्हणाले.

हरिषेणाने विणकामच घेतले. थोडेसे आचार्यांच्या सोबतीसाठी आणि थोडे अशा हिशेबाने, की उभे धागे, आडवे धागे, म्हणजे शेवटी सगळी मोजदादच. आपल्याला काय अवघड? पहिल्याच दिवशी त्याने किती हात कापडाला किती धागे लागतील ते तोंडी सांगितले. तुळसामावशी म्हणाल्या, "वा! आता विणून दाखव."

आणि मग त्याची त्रेधा उडाली. डोक्याला सगळे कळत होते आणि हाताला काहीच कळत नव्हते. आडवा धागा नेणारा धोटा फेकला की तो अर्ध्यात अडके. पायाखालची पट्टी दाबायला जावे तर चुकीचीच पट्टी दाबली जाई. धागा तुटे, गाठ मारली की ती गाठ पुन्हा सुटे. दीड हात रुंदीने सुरू झालेले त्याचे कापड वितीगणिक आक्रसत जाऊन जेमतेम हातभर उरले. "धागा ओढतोस तू," मावशी म्हणत. "ओढायचा नाही, जाऊ द्यायचा." जाऊ द्यायचा म्हणजे नेमके काय करायचे, ते त्याला समजेना. आचार्यांच्या शेजारचा तो सोळा वर्षांचा विद्यार्थी एव्हाना नक्षी विणू लागला होता. सकाळी पडवीकडे जाताना हरिषेणाचे पाय जड होऊ लागले. असे आजवर त्याच्या बाबतीत कधी झाले नव्हते.

विद्यापीठात वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी नवागतांना शिकवायचे, अशी पद्धत होती. हरिषेण दुपारी एकोणीस नवागतांना अपूर्णांक शिकवी. त्यांत कालिंदी नावाची एक मुलगी होती. धनगरवस्तीतली. आठ दिवस चालून आलेली, त्या वस्तीतून विद्यापीठात आलेली पहिलीच. वस्तीची कुरणे मोजायला दर वर्षी बाहेरून माणूस येई आणि तो सांगेल तेच खरे मानावे लागे. म्हणून वस्तीने सगळ्यांत हुशार पोर निवडून मोजणी शिकायला धाडली होती. सुरुवातीला ती फार प्रश्न विचारी. मग विचारीनाशी झाली. हरिषेणाने "समजलं?" म्हटले की सगळ्यांबरोबर तीही मान डोलवी. तिला आता समजू लागले, असे त्याला वाटले होते.

पौष महिन्यात एका दुपारी वर्ग सुटल्यावर ती थांबली. "दादा, मी घरी जाते म्हणते."

"किती दिवसांसाठी?"

"कायमची. उद्याच्या होडीनं."

हरिषेणाला वाईट वाटले. तिला दुखवायचे नाही म्हणून तो मृदू आवाजात म्हणाला, "हरकत नाही. प्रत्येकाला गणित जमतंच असं नाही. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही." आपण समजूतदारपणे बोललो, असेच त्याला वाटले. कालिंदीने मान डोलवली आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पडवीत मावशी त्याच्या मागाशी येऊन बसल्या. काठ सरळ कसा राखायचा ते त्यांनी करून दाखवले. एकदा दाखवले, दोनदा, तिसऱ्यांदा अगदी सावकाश. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळे तर अधिकच अवघड झाले. चौथ्यांदा विचारायचे तर कोणत्या तोंडाने? बाकीचे माग खटाखट चालले होते. सगळे आपल्याकडेच पाहत आहेत, असे त्याला वाटत होते.

"समजलं ना, बाळा?"

हरिषेणाने मान डोलवली.

काही म्हणजे काही समजले नव्हते. मावशी उठून पुढच्या मागाकडे गेल्या आणि हरिषेण हातातल्या धोट्याकडे बघत राहिला. कालची कालिंदीची मान त्याच्या डोळ्यांसमोर आली. मग परवाची, मग त्याच्याही आधीची. ती कितीदा डोलली होती! आणि त्या प्रत्येक वेळी त्याने समाधानाने पुढचे पान उलटले होते.

तो तसाच उठला. धोटा खाली पडला तोही त्याने उचलला नाही. शेवटच्या मागावरून आचार्यांनी वर पाहिले.

घाटावर होडी लागली होती आणि नावाडी सामान चढवत होता. कालिंदी पायरीवर बसली होती. मांडीवर कपड्यांचे गाठोडे, बाजूला फडक्यात बांधलेल्या वाटेच्या भाकरी. हरिषेण धापा टाकत तिच्यापुढे उभा राहिला.

"कालिंदी, मला एक सांग. तुला समजायचं कधी थांबलं?"

ती गोंधळली. "म्हणजे?"

"म्हणजे कोणत्या धड्यापासून? खरं सांग. मी रागावणार नाही."

तिने नदीकडे तोंड वळवले. मग हळूच म्हणाली, "पहिल्या दिवसापासून."

"पहिल्या?"

"तुम्ही म्हणालात, चौथा हिस्सा तिसऱ्या हिश्श्याहून लहान. मी विचारलं, चार तर तीनहून मोठे ना, मग लहान कसा? सगळे हसले. तुम्हीही हसलात, दादा. वाईट नाही हसलात, सहज हसलात. म्हणालात, अगं, ते तसंच असतं. मग पुढचं सगळं त्याच्यावर रचत गेलात. माझ्या पायाखालीच काही नव्हतं."

हरिषेण तिच्याशेजारी पायरीवर बसला. उत्तर द्यायला त्याने तोंड उघडले आणि त्याच्या लक्षात आले, की आपल्यालाही ते सांगता येत नाही. वर्तुळखंडाची सूत्रे मांडणाऱ्या त्या हुशार तरुणाने हा प्रश्न स्वतःला कधी विचारलाच नव्हता. त्याला तो कधी पडलाच नव्हता.

"थांब जरा," तो म्हणाला. "मलाही नीट सांगता येत नाहीये. आपण दोघं मिळून बघू. एक भाकरी काढतेस?"

तिने भाकरी काढली.

"ही तीन माणसांत वाट."

तिने तीन तुकडे केले.

"आता दुसरी घे. ती चार माणसांत."

दुसऱ्या भाकरीचे तुकडे करता करता तिचे हात मध्येच थांबले. तिने एक तुकडा या हातात घेतला, एक त्या हातात. "खाणारी तोंडं वाढली," ती स्वतःशीच पुटपुटली, "म्हणून वाटा लहान झाला." आणि मग एकदम मोठ्याने, "अहो, म्हणजे खालचा आकडा तोंडांचा आहे! भाकरीचा नाहीच!"

"तोंडांचा," हरिषेण म्हणाला. त्यालाही तो आकडा असा आजच दिसला होता.

"एवढंच होतं, दादा?"

"एवढंच होतं. मला ते सांगता आलं नाही. चुकलो मी."

नावाड्याने हाक मारली. "येतेस ना गं? वारा फिरायच्या आत निघायचंय."

कालिंदी गाठोडे घेऊन उठली, दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. "आज राहू द्या, काका." मग हरिषेणाकडे वळून म्हणाली, "पण उद्या नाही समजलं, तर उद्याही होडी असते, हे ध्यानात असू द्या."

"असू दे," हरिषेण म्हणाला. मग दोघांनी त्या सात तुकड्यांची न्याहारी केली. तीन तुकडे त्याने खाल्ले आणि चार तिने. आणि कोणाला अधिक मिळाले यावर दोघांचा वाद झाला. तो त्यांचा पहिला खरा धडा होता.

संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास हरिषेण आचार्यांच्या अंगणात गेला. ते सकाळचे उसवलेले सूत गुंडाळत बसले होते. त्याने घडलेले सगळे सांगितले, काहीही न लपवता. 'प्रत्येकाला गणित जमतंच असं नाही' हे आपले वाक्यही सांगितले.

आचार्यांनी सूत मांडीवर ठेवले. मग म्हणाले, "मी चाळिशीत असताना माझा एक विद्यार्थी असाच निघून गेला. त्याला अडवायला मी घाटावर गेलो नाही. कुणी मठ्ठ होता, गेला, एवढंच मनात आलं. पुढे कितीतरी वर्षांनी त्याची आठवण झाली, तेव्हा त्याचं नावसुद्धा आठवेना. फार लागलं ते मनाला. हरिषेणा, आपल्या विषयात माणूस जसजसा पुढे जातो, तसतशी त्याची पहिली पायरी धूसर होत जाते. ती अवघड होती हेच तो विसरतो. तिथे उभं राहून घाबरलेल्या माणसाला तो मग वरूनच हाका मारत राहतो, आणि तो येत नाही म्हणून त्यालाच मठ्ठ ठरवतो. त्या पायरीवर परत जायला आपल्या स्वतःच्या विषयात वाट उरलेली नसते. म्हणून दुसरा विषय. त्या विद्यार्थ्याच्या आठवणीनंतर मी पोहायला शिकलो, तेव्हा पन्नाशीचा होतो. नाकातोंडात पाणी गेलं आणि मला माझा वर्ग आठवला. तेव्हापासून दर वर्षी काहीतरी नवं घेतो आणि त्यात वाईट ठरतो. काही गोष्टी पुढे येऊही लागतात, पण त्या येऊ लागल्या की मी त्या सोडून देतो."

"हे आपण मला त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं रे," आचार्य मायेने म्हणाले. "पण तू मान डोलवली असतीस."

हरिषेण हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. मग त्याने सुताची दुसरी बाजू हातात धरली आणि दोघे ते गुंडाळू लागले.

पाडव्यापर्यंत त्याचे एक कापड विणून झाले. ते वाकडेच होते. तुळसामावशींनी ते उलटेपालटे करून पाहिले आणि "पाट पुसायला चालेल," असा निर्वाळा दिला. वर्तुळखंडाचे काम पाच महिने मागे पडले, ते पडलेच. कालिंदी मोजणी शिकून तिसऱ्या वर्षी आपल्या वस्तीत परतली, आणि त्यानंतर त्या वस्तीच्या कुरणांवर बाहेरचा मोजणीदार पुन्हा आला नाही.

पण आचार्यांशी बोलणे झाले त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट सांगायची राहिली. त्या दुपारी हरिषेण वर्गात गेला, तो नेहमीसारखा फळ्यापाशी उभा राहिला नाही. विद्यार्थ्यांच्या ओळीत जमिनीवर बसला. म्हणाला, "गेल्या दोन महिन्यांत मी 'समजलं?' असं विचारलं आणि तुम्ही मान डोलवली, पण समजलं नव्हतं, असं ज्यांच्या बाबतीत झालं असेल, त्यांनी हात वर करा. मी स्वतः काल पडवीत तेच केलं."

कुणी हलले नाही. तो थांबला. पूर्वी तो इतका कधी थांबला नव्हता.

मग मागच्या ओळीतला एक हात अर्धा वर आला. त्याच्या शेजारचा आला. त्यानंतर कडेचे दोन. हरिषेण मोजत गेला. एकोणीस जणांच्या त्या वर्गात चौदा हात वर होते.