दरबारातले ढग

"दरबारात ढग आणा! आणि सगळ्या जातीचे आणा!" बेलगडचे राजे गंभीरराव सिंहासनावर मूठ आपटून ओरडले.

हुकूम तसा साधाच होता. मुलं अगदी लहान होती तेव्हा गच्चीवर महाराजांना एक शिंक आली होती. एकच. पण शिंक राजाची! तेव्हापासून आभाळ प्रकृतीला घातक ठरलं, वाड्याच्या खिडक्यांना जाड पडदे लागले आणि राजकन्या येसू व धाकटे बाळराजे यांना बाहेर पाऊल टाकायची बंदी झाली. बंद खोलीत भवानशास्त्री त्यांना ढगांचे प्रकार शिकवत. शिकवणं इतकं पक्कं, की आज भर दरबारात महाराजांनी "ढग म्हणजे काय?" असं विचारताच बाळराजे ताडकन उठून म्हणाले, "पान बेचाळीस!"

"महाराज, मुलांनी ढग पाहिलेलेच नाहीत," शास्त्रीबुवा चाचरत म्हणाले. "एकदा गच्चीवर नेलं तर..."

"आणि शिंक आली तर? ते काही नाही, ढगच आत आणा!"

कोपऱ्यात पडदे शिवत बसलेल्या गोदू शिंपिणीला हसू फुटलं.

"हसतेस?" महाराज गरजले. "मग तूच आण! नाही जमलं तर सुई-दोरा घे आणि दिवस मावळायच्या आत बेलगड सोड!"

गोदूचं घर, दार, म्हातारी सासू, सगळं इथंच होतं. पण तिनं शांतपणे दातानं दोरा तोडला आणि पदर खोचला.

"आणायचे कशाला, महाराज? सगळे हजरच आहेत की!"

दरबारी खो खो हसले. तेवढंच त्यांना हसायला मिळालं.

शिकवणीच्या खोलीत पडदे शिवता शिवता सगळे ढग गोदूला पाठ झाले होते. ती मुलांजवळ जाऊन बसली. "ताईसाहेब, तंतुमेघ नावाचा ढग असतो. सगळ्यांत उंचावर, पांढरा, विरळ, पिंजलेल्या कापसासारखा. दिसतो सुरेख, पण त्याचा एक थेंब खाली पोचत नाही. असं कुणी दिसतंय का इथं?"

येसूची नजर दरबारभर फिरली आणि उंच आसनावरच्या एका विरळ पांढऱ्या दाढीवर थांबली. "शास्त्रीबुवा!"

"शाब्बास! आता राशिमेघ. गोरा, गुबगुबीत, ढिगासारखा. छान ऊन पडलं की हजर, संध्याकाळ झाली की गायब."

"मामासाहेब!" दोघं एकदम ओरडली. महाराजांच्या मेहुण्यांनी हातातला लाडू हळूच खाली ठेवला.

"स्तरमेघ तर सोपा. करडा, आभाळभर पसरतो, जागचा हलत नाही, उजेड अडवतो. धड पाऊस नाही, नुसती रिपरिप."

कुणी काही बोलायच्या आत दिवाणजींनीच मान खाली घातली.

"आणि गडगडणारा काळा ढग?" बाळराजांनी विचारलं.

"तो डोंगराएवढा वाढतो, विजा पाडतो, धो धो कोसळतो." सेनापती मिशीला पीळ देत पुढे सरसावले. गोदूनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आपल्याकडचा मात्र वेगळा हं, बाळराजे. गर्जेल तो पडेल काय!"

महाराज हसून हसून बेजार झाले. मग एकाएकी थांबले. "बरं, आणि आम्ही? आम्ही कोणता ढग?"

आता गोदू अडकली, म्हणून दरबारी सरसावून बसले. शास्त्रीबुवांना सकाळपासून प्रथमच बरं वाटलं.

"आपण ढग कसे, महाराज?" गोदू म्हणाली. "आपण तर आभाळ!"

महाराजांची कळी खुलली.

"म्हणून तर जीव घाबरतो. ढग उसवले तर मी टाके घालीन. पण आभाळच फाटलं, तर ठिगळ कुठं कुठं लावू?"

महाराजांना असं हसू लोटलं, की मुकुट एका कानावर आला आणि... "आँऽक्छी!"

सगळ्यांनी बंद खिडक्यांकडे पाहिलं.

"आभाळ तर बाहेरच आहे, महाराज," गोदू अदबीनं म्हणाली. "मग ही शिंक कुठून आली?"

महाराजांनी नाक पुसलं, हातातलं सोन्याचं कडं काढून गोदूच्या ओंजळीत टाकलं आणि पुन्हा हसत सुटले. "काढा ते पडदे! कापड सगळं हिच्या घरी पोचवा!"

मुलं गच्चीकडे धावली. उंच निळ्या आभाळात पांढरे विरळ धागे तरंगत होते. बाळराजांनी बोट दाखवून टाळ्या पिटल्या.

"ताई, बघ, बघ! किती शास्त्रीबुवा!"