बंदुकीला काजळ

“फोटोत बंदुकीचा नंबर सगळ्यांना दिसला पाहिजे, आणि तो नंबर कुणाच्याही कामाला येता कामा नये,” निंबळचे सर्जेराव सरकार म्हणाले. “आरतीच्या आत.”

हुकूम हौसाला होता. हौसा बंगल्यातली चांदी घासायची, आणि वर्षातून एकदा, खंडेनवमीला, पूजेसाठी शस्त्रं पुसायची. संस्थान जाऊन पाऊणशे वर्षं झाली होती. पण ही बातमी सरकारांपर्यंत अजून नीट पोचली नव्हती, त्यामुळे हुकूम सुटत असत.

या हुकमाचं मूळ भाऊबंदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होतं. चुलतभाऊ मानाजीरावांनी तिथे लिहिलं होतं, “आजोबांची विलायती बंदूक सर्जेरावांनी कधीच विकली. दर नवमीला फोटोत असते ती नाटक कंपनीची. म्हणून तर नंबर दाखवत नाहीत.”

दिवाणजींनी सांगून पाहिलं. “सरकार, नंबर झाकूनच टाकावा. एकदा कळला की त्यावरून कोण काय कागद तयार करील, सांगता येत नाही.”

“तोंडाला फडकं बांधून फिरतात ते दरोडेखोर, दिवाणजी.”

“मग एखादं झेंडूचं फूल...”

“फूल नको, अंगठा नको, आणि ते धुरकट करणं तर मुळीच नको. पाचही आकडे दिसले पाहिजेत. हौसा, जमत नसेल तर आत्ताच सांग. चांदीला दुसरी बाई बघतो.”

हौसाच्या सासूनेही हीच चांदी घासली होती. बंगल्यामागची राहायची खोली त्या कामाबरोबर आलेली, आणि कामाबरोबरच जाणारी. हौसा म्हणाली, “जमंल की. पण फोटो मी काढणार, आणि तोवर कुणी आत यायचं न्हाई.”

तिने आरतीचं तबक, काजळाची डबी आणि फडकं उचललं, सरकारांचा फोन घेतला आणि शस्त्रांच्या खोलीचं दार लावून घेतलं. दहा मिनिटांनी ती बाहेर आली. फोटो झकास होता. बंदुकीला हळद, कुंकू, झेंडूची माळ, आणि पोलादावर कोरलेले पाच इंग्रजी आकडे लख्ख: 41685.

“दिसतोय,” सरकार म्हणाले. चार माणसांत ते चष्मा लावत नसत, त्यामुळे त्यांना काहीतरी दिसत होतं एवढंच खरं. “पण कामाला येणार नाही, ते कसं?”

“ते जो कामाला लावाय जाईल त्येला कळंल, सरकार.”

फोटो ग्रुपवर गेला. मानाजीरावांनी लगेच जोडलेले हात पाठवले. इतक्या चटकन ते कधी शरण येत नसत.

महिन्याभरात निवडणुका लागल्या. अशा वेळी परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. तशी सरकारांनी आपली केली. निकाल लागल्यावर ती आणायला दिवाणजी गेले आणि रिकाम्या हाताने परत आले.

“मानाजीरावांनी अर्ज दिलाय, सरकार. म्हणतात, वाटणीत बंदूक त्यांच्या वडिलांना आली होती. आजोबांच्या हातची वही जोडलीय, तीत नंबरसकट नोंद आहे. इन्स्पेक्टर शिर्केबाई म्हणाल्या, घरातला वाद दिसतोय. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत बंदूक ठाण्यातच राहील.”

कोर्टाचा निकाल बघायला आपण असू की नसू, याचा हिशेब सरकारांनी मनात केला आणि हौसाला बोलावलं. “कामाला येणार नव्हता ना नंबर? खोली रिकामी कर.”

“करते. आधी मला ठाण्यात न्या.”

ठाण्यात मानाजीराव खुर्चीवर रेलून बसले होते. समोर पिवळी पडलेली वही.

“आजोबांचं अक्षर आहे,” ते म्हणाले. “त्यांना जाऊन साठ वर्षं झाली. त्याआधीची नोंद.”

“नंबर वाचता का जरा?” हौसाने विचारलं.

“ही कोण?”

“चांदी घासते. वाचा की.”

“चार एक सहा आठ पाच. अर्जातही तोच आहे.”

“बाईसाहेब,” हौसा शिर्केबाईंकडे वळली, “बंदूक आणवता? एकदा बघून घ्या नुसतं.”

शिपायाने बंदूक आणली. शिर्केबाईंनी ती उजेडात धरली, वही बघितली, पुन्हा बंदूक बघितली. “इथे तर 41635 आहे. आठ नाही, तीन.”

“आजोबांची नजर...” मानाजीराव सावरून बसले. “वय झालं होतं. चुकले असतील.”

“आसंल,” हौसा म्हणाली. “पण आमच्या नवमीच्या फोटोतबी आठच हाय. ती चूक मी केली, काजळाच्या काडीनं, ह्या दसऱ्याला. आजोबा साठ वर्षांमागं व्हॉट्सअ‍ॅप बघून नोंदी करीत हुते व्हय?”

मानाजीरावांनी वही हळूच आपल्याकडे ओढली. शिर्केबाईंनी तिच्यावर हात ठेवला. “राहू द्या. हिच्याबद्दल आपल्याला बोलायचंय.” मग हौसाकडे बघून म्हणाल्या, “आणि तुम्ही? बंदुकीचा नंबर बदलणं गुन्हा आहे, ठाऊक आहे ना?”

“बदलला कुठं, बाईसाहेब? देवीला काजळ घालतो तसं घातलं. फोटो झाला, आरती झाली, पुसून टाकलं. बघा की, तीन आपला जागेवर हाय.”

शिर्केबाईंनी फाईल तोंडापुढे धरली. सरकारांना मात्र अजून उलगडा होत नव्हता. शेवटी त्यांनी चार माणसांदेखत चष्मा काढून डोळ्यांवर लावला, फोनमधला फोटो बघितला, बंदूक बघितली, आणि असे हसले की बाहेरचा शिपाई आत डोकावला.

बंगल्यावर येताच त्यांनी कपाटातून राणीसाहेबांची चांदीची काजळाची डबी काढली आणि हौसाच्या हातावर ठेवली. “आजवर ही घासलीस. आता वापर. आणि मागची खोली तुझ्या नावावर करायला दिवाणजींना सांगितलंय.”

हौसाने डबी कपाळाला लावली.

“पण पुढच्या नवमीला काय करायचं गं?” सरकारांनी विचारलं. “काजळाची युक्ती तर साऱ्या भावकीला कळली.”

“पुढच्या नवमीला तलवारीचा फोटो टाका, सरकार. तिला नंबर नसतो.”

सरकार पुन्हा हसायला लागले, ते आरतीची घंटा होईपर्यंत थांबले नाहीत.