इवलीनं बांधलेली शिदोरी

फार पूर्वी एका रानात उंबराचं जुनं झाड होतं. त्याच्या बुंध्याशी, मातीत, जीवाणूंची वस्ती होती. मातीच्या एका कणावर अख्खी वाडी मावावी इतके ते लहान! पिकलेली उंबरं टपटप पडत, कुजत, आणि त्यांचा गोड रस खाली झिरपे. खावं, वाढावं, एकाचे दोन व्हावं, एवढंच त्यांचं काम. त्यांच्यात एक इवली होती. पोट भरलं की ओल्या मातीतून ती स्वप्नात असल्यासारखी तरंगत राही.

एकदा वादळात ते झाड उन्मळून पडलं. रस आटला, माती तापली. जीवाणू लांब लांब फिरून आले, पण कुठंच काही मिळेना.

मग शेजारचा दांडगा इवलीजवळ सरकला. "इवले, माझ्या अंगात विष आहे. पलीकडच्या दुबळ्यांवर सोडतो. ते फुटले की आपलं जेवण! येतेस?"

"आणि ते संपल्यावर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

इवलीच्या पोटात आग पडली होती. क्षणभर तिला वाटलं, जावं. पण पाय निघेना. ती थोरलीकडे गेली. वस्तीत सगळ्यांत जुनी तीच.

थोरली म्हणाली, "दुसरी वाट आहे गं. आपल्याच पोटात एक लेक वेगळी करायची आणि तिच्यावर थरावर थर कवच चढवायचं. मग ऊन, दुष्काळ, उपास, काहीच तिला लागत नाही. ती नुसती झोपून राहते."

"आणि मी?"

थोरली तिच्याजवळ सरकली. "कवच पुरं झालं की आई फुटते. त्याशिवाय लेक बाहेर येत नाही. आणि एकदा निघालीस की मागं फिरता येत नाही, बाळा."

इवली खूप रडली. मग कामाला लागली. उरलंसुरलं सगळं तिनं लेकीच्या अंगात शिदोरीसारखं भरलं, वर कवच विणलं. "झोप हं, राणी," ती म्हणाली, आणि हलकेच फुटली.

दांडग्यानं शेजारी खाल्ले, त्यांचे शेजारीही खाल्ले. खायला कुणी उरलं नाही तेव्हा तोही वाळून गेला.

लेक झोपलेलीच होती. वाऱ्यानं तिला उचललं. नद्यांवरून, कौलांवरून, कितीतरी उन्हाळ्यांमधून ती धुळीबरोबर तरंगत राहिली. तिला ना भूक, ना तहान.

शेवटी ती एका परसात, अळूच्या वाफ्यात येऊन पडली. घरातली बाई तांदळाचं धुवण घेऊन आली. "घ्या रे, प्या पोटभर," असं अळूला म्हणत तिनं ते ओतलं.

कवच सावकाश उकललं.

"आई?" लेकीनं हाक मारली.

कुणीच ओ दिली नाही. पण अंगात शिदोरी होती. ती खाऊन तिनं अंग ताणलं, ओल्या मातीत पहिली गिरकी घेतली, आणि संध्याकाळपर्यंत एकीच्या दोघी झाल्या.

तात्पर्य: दुसऱ्याचा घास हिरावून दुष्काळ फार तर चार दिवस पुढं ढकलता येतो, पुढच्यांसाठी शिदोरी बांधणाराचाच वंश दुष्काळापलीकडे पोचतो.