लावीच्या घरट्याचा निवाडा

फार फार वर्षांपूर्वी मुंगसं आणि साप चार पावसाळे लढले आणि अखेर दमून तहाला बसले. शेजारच्या रानांनी पंच म्हणून गोदाक्का कासविणीला धाडलं. ती चालायची हळू, पण ऐकून सगळ्यांचं घ्यायची.

तहाच्या आदल्या दिवशी एक लावी तिच्याकडे आली. "मुंगसांच्या फौजेने माझं घरटं तुडवलं," ती म्हणाली. "तिथे साप नव्हताच."

तह जुळवणारा कोल्हा गोदाक्काच्या कानाशी लागला. "अक्का, आज गप्प राहा. मुंगसं रागावून उठली तर सगळं फिसकटेल."

लढाई गोदाक्कालाही नकोच होती. तरी तिने मुंगसांच्या सरदाराला बोलावून विचारलं.

"लढाईत असं होतंच," सरदार गुरगुरला. "सापांनी काय कमी केलं?"

"सापांचा निवाडा मी परवा दिला, तेव्हा तुम्ही माझी पाठ थोपटलीत," गोदाक्का म्हणाली. "आज तुमचा. घरटं तुडवलंत, तो गुन्हाच होता."

सरदार फौज घेऊन तडक निघून गेला. कोल्ह्याने कपाळावर हात मारला. गोदाक्काला दिवसभर घास गेला नाही.

सकाळी सरदार एकटाच परत आला. त्याचे डोळे जागरणाने तांबारले होते. तो थेट लावीसमोर जाऊन उभा राहिला.

"अंडी किती होती?"

"चार," लावी म्हणाली.

त्याने मान खाली घातली. मग गोदाक्काकडे वळून म्हणाला, "तहात पहिलं कलम घरट्यांचं घाला. बाकीचं नंतर बोलू."