एका पत्राची शपथ

फार पूर्वी, अरण्यातली पत्रे पक्षी वाहत असत तेव्हा, वृद्ध धनेश टपालप्रमुख होता. प्रत्येक पत्राला नवा पारवा, हा त्याचा नियम. आधी स्नान, मग टिळा, मग शपथ. पत्र पोचवून परतला की पारव्याची सेवा समाप्त. दिवसाला चार पत्रे होती तोवर हा सोहळा शोभून दिसे.

पुराच्या दिवशी पत्रांचा ढीग पडला. परतलेला एक पारवा म्हणाला, "आजोबा, पंख अजून थकले नाहीत. दुसरे पत्र द्या की!"

"तुझी शपथ एका पत्रापुरती होती," असे म्हणून धनेश नव्या पारव्याला टिळा लावू लागला.

त्या ढिगातच पाणकावळ्याने टिटवीला धाडलेले पत्र होते: 'पाणी चढते आहे, अंडी हलव.' ते पोचले तेव्हा काठावर अंडी उरली नव्हती.

संध्याकाळी टिटवी आली. "टिळा मात्र सुरेख रेखला होता हो, धनेशराव," एवढेच ती बोलली.

धनेशाची मान खाली गेली. चोचीला लागलेले गंध तो खोडावर घासत राहिला. सकाळी पहिला पारवा परतला, तेव्हा त्याच्या नजरेला नजर न देता धनेशाने दुसरे पत्र पुढे सरकवले.