हौसाची हाळी

सह्याद्रीच्या एका निळ्या-निळ्या डोंगराच्या मांडीवर करवंदवाडी बसली होती. वाडी कसली, वाडुकलीच म्हणा. अठरा घरं, अठरा अंगणं, आणि उतारावर पायऱ्या पायऱ्यांनी खाली गेलेली भाताची खाचरं. वाडीत बाहेरून फक्त मीठ यायचं. भात, नाचणी, कुळीथ, तीळ, टोपल्या, घोंगड्या, सगळं वाडीतच व्हायचं. खालच्या गावचे लोक म्हणायचे, या करवंदवाडीला कोणाची गरजच नाही. ते काही खरं नव्हतं. वाडीतल्या प्रत्येकाला वाडीतल्या प्रत्येकाची गरज होती, आणि तेवढ्यात त्यांचं छान भागायचं.

एकट्याने उरकणार नाही असं काम निघालं की वाडीत इर्जिक व्हायची. ज्याचं शेत असेल त्याने सकाळी पारावर उभं राहून हाळी द्यायची, "आमच्या शेतात या हो, हात घेऊन या हो!" मग ज्याला जमेल तो आपापला विळा घेऊन यायचा. मजुरी कोणी मागायची नाही, कोणी द्यायची नाही. दुपारचं जेवण तेवढं शेतवाल्याच्या घरचं. आणि इर्जिकीला आलेल्याने जाताना त्या शेतातून काहीही न्यायचं नाही, गवताची काडीसुद्धा नाही. पण हाळी आली नसेल, तर कोणाच्या शेतात पाऊल टाकायचं नाही. न बोलावता जाणं म्हणजे त्या घराला दुबळं म्हणणं, असं वाडीचे लोक मानायचे. अशी ही मानी माणसं.

या वाडीत हौसा नावाची आठ वर्षांची मुलगी होती. घरात ती आणि तिची आई पारू, दोघीच. हौसा सगळ्यांच्या इर्जिकीला जायची. कापायला ती लहान होती, म्हणून कळशी घेऊन पाणी वाटायची आणि मागे पडलेल्या लोंब्या वेचायची. तिच्या हातून एक लोंबी सुटायची नाही. चिमण्या तिच्यावर रुसून असायच्या.

त्या वर्षी मात्र हौसाच्या घरी वाईट झालं. दिवाळीच्या आधी पारू बांधावरून घसरली आणि तिचा उजवा हात मोडला. बांबूच्या कामट्या बांधून हात गळ्यात अडकवला. "महिनाभर विळ्याला शिवायचं न्हाई," असं हाड बसवणाऱ्या आजीने बजावलं. आणि इकडे त्यांच्या चार खाचरांतलं भात पिकून पिवळंधमक झालं. पिकलेलं भात थांबत नाही. वारा आला की दाणे गळतात, मातीत जातात, आणि मग वर्षभर चुलीवर काय शिजवायचं?

"आये, हाळी दे ना," हौसा रोज म्हणायची.

"कशी देऊ, बाय? कणगीत खडखडाट हाय. लोकं दिवसभर राबतील आन् दुपारी मी त्यांच्यापुढं काय ठिवू? रिकामी पत्रावळ?" पारू तोंड फिरवायची. तिला रडताना कोणी बघितलेलं आवडायचं नाही.

मग हौसा एकटीच विळा घेऊन खाचरात उतरायची. दिवसभर कापलं तरी कोपरा व्हायचा रुमालाएवढा. बोटांना फोड यायचे. बांधावरून माणसं जायची, थांबायची, तिच्याकडे बघायची आणि काही न बोलता पुढे निघायची. हौसाला फार वाईट वाटायचं. कोणालाच आपलं काही नाही, असं तिला वाटू लागलं.

एका पहाटे, उजाडता उजाडता, ती पाणी आणायला देवराईत गेली. देवराईत झाडं इतकी जुनी होती की त्यांना आपलं वय सांगायची लाज वाटायची. धुकं पांढरं, मऊमऊ, कापसासारखं पसरलेलं. पानापानावर दंव. आणि झऱ्याकाठच्या एका कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी इवलंसं, लुकलुकतं अडकलं होतं.

हौसा वाकली. ती परी होती! करंगळीएवढी. सोनकीच्या फुलांचा पिवळापिवळा परकर, तेरड्याची गुलाबी चोळी, आणि पंख असे की धुक्यालाच कोणी रंग लावलाय. पंख जाळ्यात गुरफटले होते आणि परी रागाने लालबुंद झाली होती.

"बघत काय बसलीस? सोडव की," परी म्हणाली.

हौसाने जाळं फाडलं नाही. एकेक तार अलगद उचलून तिने पंख मोकळे केले आणि तारा होत्या तशा पानाला चिकटवल्या.

"जाळं का जपलंस?" परीने विचारलं.

"कोळ्याचं घर हाय ते. त्यानं बी रातभर राबून बांधलं आसंल."

परीचा राग विरघळला. ती हौसाच्या तळहातावर येऊन बसली. तिच्या कपाळावर दंवाचा एक थेंब होता, आणि त्यात सात रंग गोल गोल फिरत होते.

"या थेंबात एक इच्छा आहे. ती तुझी. पण माझे नियम ऐक. जे हातांनी होतं ते मागायचं नाही. जे आपोआप होणार आहे तेही मागायचं नाही. ऊन देवराईत शिरायच्या आत मागायचं. आणि मिळालेलं सूर्य मावळेपर्यंतच टिकेल, दंवाचंच देणं ते. फक्त वाऱ्याला सांगितलेलं जास्त टिकतं. वारा माझा भाऊ आहे."

हौसा लगेच म्हणाली, "आमचं भात कापून दे."

"ते हातांनी होतं."

"मग आयेचा हात बरा कर."

"हाड जुळायला लागलंय. ते आपोआप होणार आहे."

"कणगी भरून दे."

"कणग्या कशाने भरतात? हातांनीच."

हौसा हिरमुसली. "मंग तुझ्याकडं मागायचं तरी काय?"

"हे मला सगळेच विचारतात," परी म्हणाली. मग तिलाच दया आली. "मी एक सुचवते. महिनाभर वाऱ्याला या डोंगरावर येऊ नकोस म्हणून सांगते. तुमचा एक दाणा गळणार नाही. तोवर आईचा हात बरा होईल."

हौसाचे डोळे चमकले. तिला आपली चार खाचरं दिसली, सोनेरी, स्तब्ध, एक लोंबीही न हलणारी. ती हो म्हणणारच होती. पण तेवढ्यात तिला ठमाकाकूचं खळं आठवलं. ठमाकाकू म्हणजे शेजारीण, तोंडाने तिखट आणि हाताने सढळ. तिचं भात झोडून तयार होतं. सगळ्यांचीच खळी भरली होती. वारा नसेल तर भात उफणायचं कशाने? फोलकट उडणार कसं? अठरा घरांचं धान्य खळ्यातच कुबट होऊन जाईल.

"नको," हौसा अगदी हळू म्हणाली. म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "वारा सगळ्यांचा हाय."

ऊन देवराईच्या शेंड्यांवर आलं होतं. परी घाईने म्हणाली, "मग लवकर सांग. नाहीतर थेंब सुकेल."

आपल्यासाठी तर काहीच उरलं नव्हतं. थेंब उगाच कशाला वाया घालवायचा? हौसाला धावजी आजोबा आठवले. ते वाडीतले सर्वांत म्हातारे. वीस वर्षं झाली, त्यांना दिसत नव्हतं. काल त्यांना पाणी देताना ते म्हणाले होते, "हौसे, पिकल्या भाताचा वास येतो गं. एकदा रंग बघायला मिळाला आसता तर."

"धावजी आजोबांना दिसू दे," हौसा म्हणाली.

परी तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने कपाळावरचा थेंब बोटावर घेतला, फुंकला, आणि तो सात रंगांची रेघ काढत वाडीकडे उडून गेला.

हौसा वाडीत पोचली तर पाराभोवती ही गर्दी! धावजी आजोबा पारावर उभे होते आणि लहान मुलासारखे एकेक रंग मोजत होते. "ते निळं, तो डोंगर. ते तांबडं, कोंबड्याचा तुरा. आन् ही ठमी ना? केवढी म्हातारी झालीस गं."

"तुमी लई तरणे दिसताय," ठमाकाकू डोळे पुसत म्हणाली.

आजोबांनी खाली शिवाराकडे नजर टाकली. कापलेली खाचरं, रचलेले भारे, आणि मधेच चार खाचरं, उभी. आजोबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ते कुणाचं भात ऱ्हायलंय? लोंब्या पार भुईला टेकल्यात. आज-उद्याकडं सगळं गळंल."

सगळे आपापल्या पायांच्या बोटांकडे बघू लागले. शेवटी ठमाकाकू म्हणाली, "पारूचं हाय. तिची हाळीच आली न्हाई. आठ दिस झाले, विळ्याला धार लावून बसलोय समदी. पोरगी एकली कापतीया, बघवत न्हाई. पर न बोलावता जायचं कसं?"

हौसाचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. म्हणजे ती माणसं बांधावर थांबत होती ती बोलावण्याची वाट बघत! आई त्यांना लाजत होती आणि ती माणसं आईचा मान राखत होती. एवढी शहाणी माणसं, आणि सगळ्यांनी मिळून केवढा वेडेपणा केला होता.

"आजोबा, लहान पोरीनं हाळी दिली तर चालती का?"

"घरातल्या कुणीबी द्यावी. मांजरानं दिली तरी चालंल."

हौसा पारावर चढली. मग तिने डोळे मिटले आणि सगळा जीव गळ्यात आणून हाळी दिली, "आमच्या शेतात या हो, हात घेऊन या हो!"

पारू दारातून धावत आली. "हौसे, आगं काय केलंस? जेवायला काय घालणार हाईस?"

"पोहे," हौसा म्हणाली. "भात आपल्याच खाचरात हाय की, आये. पयलं एक खाचर कापायचं, झोडायचं, गरम पाण्यात घालायचं, खापरात भाजायचं आन् कांडायचं. दुपारपातूर शेतच जेवायला घालंल."

पारूने लेकीला डाव्या हाताने जवळ ओढलं. एवढं सोपं उत्तर आपल्याला सुचू नये, याचं तिला हसूही आलं आणि रडूही. या वेळी सगळ्यांनी बघितलं तरी तिला चाललं.

मग काय विचारता! अठरा घरांचे विळे चार खाचरांत उतरले. सरसर, सरसर भात पडू लागलं. लोक धावजी आजोबांना म्हणाले, "तुमी बसा. एक दिस नजर आलीया, डोंगर बघा, पाखरं बघा." कारण हौसाने परीची सगळी गोष्ट सांगितली होती, सूर्य मावळेपर्यंतचा नियमसुद्धा. पण आजोबांनी नातवाच्या हातातला विळा घेतला. "डोंगर कुठं पळून जात न्हाई," ते म्हणाले आणि ओळीत वाकले. मिळालेला एकुलता एक दिवस त्यांनी हौसाच्या भाताला देऊन टाकला.

हौसा लोंब्या वेचत होती. तिच्या बाजूला पिवळ्या परकराची, गुलाबी चोळीची एक चिमुरडी मुलगी पण वेचत होती. कोणाची कोण, कोणी विचारलं नाही. इर्जिकीला आलेल्याला कोणी विचारत नाही. दुपारी बांधावर पळसाच्या पत्रावळी मांडल्या. गरमगरम पोहे, वर मीठ आणि मिरचीचा ठेचा. डोंगरभर खरपूस वास सुटला. ती चिमुरडी तिखटाने नाक ओढत तीनदा मागून जेवली.

ऊन कलेपर्यंत चारही खाचरं मोकळी झाली. भाऱ्यांचा सोनसळी ढीग घरापेक्षा उंच झाला. वर्षभराचं खाणं, पुढच्या सालचं बियाणं, सगळं त्यात होतं. सूर्य डोंगराला टेकला. सगळे आजोबांकडे बघू लागले. आजोबा ढिगाकडे बघत होते, मन भरून.

तेव्हा ती चिमुरडी उठली आणि परकर झटकला. परकरातून चकाकणारं दंव उडालं. "चला, डोळे परत न्यायची वेळ झाली," ती म्हणाली, पण तिचा आवाज जड झाला होता.

हौसा तिच्यापुढे उभी राहिली.

"तू आमच्या इर्जिकीला आलीस ना?"

"आले."

"आमच्या घरचं जेवलीस ना?"

"तीनदा."

"मंग तुला हितून काय बी नेता यायचं न्हाई. गवताची काडीबी न्हाई. आमचाबी नियम हाय."

परीने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. हजार वर्षांत कोणी तिला नियम सांगितला नव्हता. मग ती हसू लागली. हसता हसता ती लहान झाली, लुकलुकली, आणि मावळतीच्या किरणात अशी मिसळून गेली की ऊन कुठलं आणि परी कुठली, ते कोणालाच कळलं नाही.

सूर्य बुडाला. खाचरांवर निळसर सावली उतरली.

"आजोबा?" हौसाने हळूच हाक मारली.

धावजी आजोबांनी डोळे बारीक केले, सगळ्यांवरून सावकाश फिरवले आणि म्हणाले, "ठमे, तुझ्या पदराला भोक पडलंय. उद्या शिवून घे."