हजर आहे, पण आभासी

एका गावात एक भोळा कासार होता. नाव तुळाजी. बांगड्या भरण्यात हात हलका, पण डोक्याच्या नावानं आनंदीआनंद. त्यामुळे लग्न जमेना. थोरल्या बहिणीला, आक्काला, एकच घोर लागला होता. आपल्यामागं याचं कसं व्हायचं?

अखेर एक स्थळ आलं. मुलगी दूरची, म्हणून बघण्याचा कार्यक्रम मोबाइलवर ठरला. पडद्यावर मथुरा दिसली. तुळाजीनं पोह्यांचा घास घेतला आणि तिच्या तोंडाला लावला. मोबाइल पोह्यांनी माखला.

"अरे, ती आभासी आहे!" आक्का ओरडली. "चौकटीत दिसते, पण तिथं नसते. चौकटीतल्याला खायला घालायचं नसतं."

"बरं आक्का."

पुढच्या आठवड्यात मथुरेचे वडील घर बघायला आले. दाराच्या चौकटीत उभे राहिले. तुळाजीनं त्यांना निरखून पाहिलं आणि त्यांच्यासमोर एकट्यानं अख्खं ताट संपवलं. पाणीसुद्धा विचारलं नाही.

"अरे, हाताला लागतं ते खरं माणूस!" आक्कानं कपाळ बडवलं. "आधी हात लावून बघत जा."

"बरं आक्का."

साखरपुड्यात त्यानं सासऱ्यांच्या मिश्या ओढल्या. सासरे किंचाळले.

"खरे आहेत," तुळाजीनं सगळ्यांना सांगितलं.

मथुरेला हसू आवरेना. तिला हा माणूस आवडला होता, म्हणून सोयरीक टिकली. आक्का मात्र रडकुंडीला आली. "तिचा भाऊ बघ. दुबईत बसून मोबाइलवर हजर आहे. कुणाला त्रास नाही. तसं वाग."

"बरं आक्का."

लग्नाच्या दिवशी आक्का गावातल्याच मांडवात पुढं गेली. तुळाजी मागून येणार होता. मुहूर्त आला, भटजी अंतरपाट धरून उभे, नवरदेवाचा पत्ता नाही. तेवढ्यात आक्काचा मोबाइल वाजला. पडद्यावर मुंडावळ्या बांधलेला तुळाजी, घरीच.

"हजर आहे, आक्का. कुणाला त्रास नाही."

मुहूर्त टळायला नको म्हणून आक्कानं मोबाइल चौरंगावर उभा केला. अक्षता पडल्या. अंतरपाट दूर झाला. मथुरेनं मोबाइललाच हार घातला.

उशिरा आलेल्या एका म्हातारीनं चौकटीतला चेहरा पाहिला, वरचा हार पाहिला आणि हंबरडा फोडला, "अगं बाई, तुळाजी कधी गेला गं!"

तुळाजीनं ते फोनवर ऐकलं. थोडा विचार केला. मग तो निमूटपणे घोंगडीवर आडवा झाला आणि नाकात कापूस घातला.

वऱ्हाड धावत घरी आलं. मथुरेनं त्याचा हात धरला. "अहो, हाताला लागताय की! उठा, लाडू खा."

तुळाजीनं एक डोळा उघडला.

"चौकटीतल्याला खायला घालायचं नसतं," तो म्हणाला. "कावळ्याला ठेव."